चोवीस कामट्यांचा हिशेब

मराठी घरांच्या दारात दिवाळीला जो पारंपरिक आकाशकंदील लागतो, त्याच्या पोटात सारख्या लांबीच्या २४ कामट्या असतात. चार-चार कामट्यांचे सहा चौकोन बांधायचे. एक वर आडवा, एक खाली आडवा, आणि उरलेले चार कोपऱ्यावर उभे करून मधे फेर धरायला लावायचे. कोपऱ्याला कोपरा बांधत गेले की चौकोनांच्या मधल्या जागेत आठ त्रिकोण आपोआप उमटतात. ते कोणाला वेगळे बांधावे लागत नाहीत. एकूण कोपरे १२ आणि प्रत्येक कोपऱ्यात चार कामट्यांची टोके. भूमितीची पुस्तके या आकाराला आर्किमिडीजच्या १३ घनाकृतींत बसवतात. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीच्या तोंडावर तो ओळीने लटकत असतो, तेव्हा कोणी त्याच्याकडे भूमिती म्हणून बघत नाही.

या आकाराला एक खोड आहे. सांगाडा बांधून पुरा झाला तरी डुगडुगतो. त्रिकोण आपला आकार सोडत नाहीत, पण चौकोन दाबला की तिरका होतो, आणि एक तिरका झाला की शेजारचेही कलतात. बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन रचनाकाराने नेमक्या याच डुगडुगण्याचा अभ्यास केला आणि त्याला ‘जिटरबग’ हे एका नाचाचे नाव दिले. चौकोनांवर कागद चिकटून खळ वाळली की मग कुठे सांगाडा ताठ होतो. सराईत कारागीर हे सगळे एकटा उरकतो. नवशिक्याला मात्र दोन हात पुरत नाहीत. एकाने सांगाडा धरायचा, दुसऱ्याने गाठ मारायची, तिसऱ्याने कागद मापात कापून हाताशी ठेवायचा, आणि आजीने खुर्चीत बसून ‘अरे, तो कोपरा उलटा लागलाय’ असे सांगायचे.

म्हणून घरच्या सगळ्यांनी मिळून करायच्या कार्यशाळेला कंदिलाइतकी सोयीची वस्तू नाही. शहरांतल्या गृहसंकुलांत, वाचनालयांत, शाळांच्या सभागृहांत दिवाळीच्या आधीच्या रविवारी अशा कार्यशाळा भरतात. त्यांतल्या काहींच्या निरोपात शेवटी एक जास्तीची ओळ असते: साहित्याचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम अमुक तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेला देण्यात येईल. सगळा खटाटोप या ओळीपाशी सुरू होतो, आणि पहिली शंकाही इथेच निघते.

शंका बहुधा खजिनदाराची असते. ‘शाळेला मदतच करायची आहे ना? मग प्रत्येक घरातून पाचशे रुपये काढू, पाठवून देऊ. कागद, कामट्या, सभागृहाचे भाडे, चहा, हे सगळं कशाला? तेवढे पैसे शाळेलाच जास्त मिळतील की!’

हिशेबाने खजिनदार बरोबर असतात. समजा, कुटुंबामागे ४०० रुपये प्रवेशमूल्य ठेवले आणि २५ कुटुंबे आली, तर जमतात दहा हजार. कामट्या, पतंगाचा कागद, दोरा, कात्र्या, शिकवणाऱ्याचे मानधन, चहा-पोहे यांत चार-साडेचार हजार सहज जातात. हाती उरतात साडेपाच हजार. आयोजक मंडळींनी त्यासाठी महिनाभर फोन केलेले असतात. त्यापेक्षा घराघरांतून थेट पाकिटे गोळा केली असती, तर एका संध्याकाळी दुप्पट रक्कम उभी राहिली असती.

तरीही हा उद्योग करणारे करतातच. त्यांच्यामागे, त्यांना ठाऊक असो वा नसो, या प्रांतातल्या शाळांचा मोठा इतिहास उभा आहे. इथल्या कितीतरी शाळा थोड्या-थोड्या पैशांवर उभ्या राहिल्या आहेत, आणि ते पैसे गोळा करणाऱ्यांनी त्यासाठी भरपूर पायपीट केली आहे.

महर्षी धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे यांनी १९३६ साली महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत सरकारी शाळा नाही तिथे प्राथमिक शाळा काढायची, हा त्याचा उद्देश. तेव्हा अण्णांचे वय होते ७८. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त होऊनही त्यांना वीसहून जास्त वर्षे उलटली होती. निवृत्तिवेतन महिना ७० रुपये. त्यातले १५ ते या कामाला देत, आणि उरलेली रक्कम उभी करण्यासाठी पुण्यात पायी दारोदार फिरत. हिंगण्याचा आश्रम आणि महिला विद्यापीठ उभारलेल्या, मोठमोठ्या देणगीदारांना ओळखणाऱ्या माणसाला बड्या रकमेची वाट माहीत नव्हती असे नाही. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्याच विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली होती. पण खेड्यातल्या शाळेसाठी अण्णा पुन्हा जिने चढू लागले.

त्याच्याही आधी अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड काढला होता. माणशी एक पैसा, इतकीच मागणी. त्या पैशापैशातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला, आणि तिथे काचकाम शिकण्याची सोयही झाली. हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले यांनी गावोगाव फिरून मदत मिळवली. पुढे त्या अमेरिकेलाही गेल्या आणि तिथे पोटासाठी घरकामही केले. साताऱ्याला कर्मवीर भाऊराव पाटलांचे वसतिगृह चालवताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. या सगळ्या गोष्टी शाळेच्या पुस्तकांतून आणि स्नेहसंमेलनाच्या भाषणांतून इतक्यांदा येतात की त्यांचा हिशेब कोणी करत नाही. हिशेब केला तर लक्षात येते की यांतल्या प्रत्येक ठिकाणी पैसा देणाऱ्याचा आणि शाळेचा काहीतरी संबंध जुळला होता. दारात आलेल्या अण्णांना चार आणे देणाऱ्या माणसाला आपले चार आणे कुठल्या कामाला चालले आहेत, ते त्यांच्याच तोंडून कळत होते.

पाकिटातून गेलेले पाचशे रुपये असा संबंध जोडत नाहीत. ते शाळेला पोहोचतात, तिच्या उपयोगी पडतात, त्यात कमीपणा काही नाही. पण देणाऱ्याच्या घरी त्या शाळेचे नाव पुन्हा निघत नाही. आता, कंदील बांधणाऱ्या घरात ते निघतेच असे तरी कुठे आहे? ते कार्यशाळा कशी आखली आहे त्यावर ठरते.

आखणीतला पहिला निर्णय असतो प्रवेशमूल्य कोणामागे घ्यायचे हा. मुलामागे घेतले तर आई-बाप मुलाला सभागृहाच्या दारात सोडून भाजी आणायला जातात. कुटुंबामागे घेतले, आणि ‘किमान एक मोठे माणूस सोबत हवे’ अशी अट घातली, की वडिलांना चप्पल काढून सतरंजीवर बसावे लागते. पहिली दहा मिनिटे ते मोबाइलवर फोटो काढतात. मग सांगाडा घसरतो, मुलगी ओरडते, ‘बाबा, धरा ना!’, आणि मोबाइल खिशात जातो.

दुसरा निर्णय खळीचा. बाजारचा डिंक स्वस्त आणि सोयीचा. पण पातळ पतंगी कागदाला तो ओला करून सुरकुत्या पाडतो. मैद्याची किंवा कणकेची खळ घट्ट शिजवता येते, बोटाने लावता येते, आणि धुतली की जाते. जुन्या खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद विषारी, त्यामुळे मुलांच्या कार्यशाळेत ते वर्ज्य. बिनमोरचुदाची खळ दोन दिवसांत आंबते, म्हणून ती त्याच सकाळी शिजवावी लागते. ती कोण शिजवते हा प्रश्न कोणी विचारत नाही. कोणत्या तरी काकू सकाळी सहाला उठून मोठ्या पातेल्यात मैदा ढवळत असतात.

तिसरा निर्णय कामट्यांचा. कामट्या सोललेल्या, तासलेल्या, सारख्या कापलेल्या आणायच्या, की लांबच लांब आणून तिथे मोजून कापायच्या? सारख्या आणल्या तर कंदील लवकर होतो. तिथे कापायच्या तर मुलांना कळते की २४ पैकी एक जरी अर्धा सेंटिमीटर आखूड राहिली, तरी तिचा चौकोन शेजाऱ्याला ओढतो आणि सबंध कंदील कलतो. अनुभवी आयोजक मधला मार्ग काढतात. वीस कापून देतात, चार कापायला ठेवतात.

अशा सकाळी सभागृहात कोणाला काय येते याचा पट उलटा होतो. संगणकावर इमारती रचणाऱ्या आईला सुरगाठ मारता येत नाही. तिच्या सासऱ्यांनी कोकणात लहानपणी दरवर्षी कंदील केलेले असतात. ते दोऱ्याला ओले बोट लावून, दोन फेरे घेऊन अशी गाठ मारतात की शेजारची तीन कुटुंबे येऊन बघतात. एरवी ‘आबा, तुम्हाला नाही कळणार’ हे वाक्य ज्यांच्या वाट्याला सारखे येते, त्यांच्यापुढे नातू बसून म्हणतो, ‘आबा, परत एकदा, हळू करा.’ झिरमिळ्यांसाठी कागदाची घडी किती पदरी घालायची यावर दोन जावा हुज्जत घालतात आणि दोघींचे कंदील छान होतात. कोणाचा तरी कंदील फसतो, पण फसलेलाही घरी नेला जातो, कारण त्याचे पैसे भरलेले असतात आणि त्यात एक सकाळ गेलेली असते.

यात शाळा कुठे आहे? ती सभागृहाच्या एका भिंतीवर असायला हवी. चांगले आयोजक तिथे मुलांचे केविलवाणे फोटो लावत नाहीत. शाळेने स्वतः लिहून दिलेली यादी लावतात. विजेचे थकलेले बिल. वाचनाच्या तासासाठी पुस्तके. फुटलेली कौले. प्रयोगासाठी भिंगे आणि चुंबक. खेळायला दोन फुटबॉल. यादी वाचली की साडेपाच हजार रुपये किती होतात हे नेमके कळते. मोठ्या शाळेच्या तुलनेत ते काहीच नाहीत. पण ३१ ते १०० पटाच्या सरकारी शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाचे जे संयुक्त अनुदान ठरले आहे ते २५ हजार रुपये. त्यातही काही भाग स्वच्छतेसाठी राखून ठेवायचा. खडूपासून दुरुस्तीपर्यंतचे सगळे त्यातच भागवायचे. अशा शाळेच्या मुख्याध्यापकांच्या टेबलावर साडेपाच हजार रुपये आले, तर ते वर्षाच्या खर्चाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त झाले. ‘थोडे’ आणि ‘फार’ हे कुठल्या टेबलावर मोजतो त्यावर असते.

हाताच्या कामातून शाळेचा खर्च निघावा ही कल्पना मात्र नवी नाही, आणि ती वादावाचून कधी राहिलेली नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ या दिवशी वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींनी मांडले की शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावे, आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार तरी सुटावा. झाकीर हुसेन समितीने त्यावरून सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. त्यातल्या साडेपाच तासांच्या दिवसात मूळ उद्योगाला तीन तास वीस मिनिटे दिली होती. सूत कातता-कातता गणित, शेती करता-करता विज्ञान. परिषदेतच अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी आक्षेप घेतला. शाळांचा माल बाजारात आला तर तो बिचाऱ्या व्यावसायिक कारागिरांशी स्पर्धा करणार, आणि ती स्पर्धा न्यायाची नसणार. आणखीही एक धास्ती पुष्कळांनी बोलून दाखवली. पगार सुटायचा म्हटल्यावर मास्तर मुलांना शिकवण्याऐवजी त्यांच्याकडून माल काढून घेईल. वर्गाचा कारखाना होईल.

‘नई तालीम’ या नावाने ओळखला गेलेला गांधीजींचा तो प्रयोग पुढे आक्रसला. कोठारी आयोगाने १९६६ साली ‘कार्यानुभव’ सुचवला, १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने त्याला ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ केले. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना कार्यानुभवाचा तास आठवतो तो खडूचे तुकडे, क्रेप कागदाची फुले आणि पावसाळ्यात मैदान बंद असल्यामुळे मिळालेला मोकळा वेळ यांच्यासकट. पगार सुटण्याची गोष्ट केव्हाच मागे पडली.

कुटुंबांची कार्यशाळा हा जुना वाद नकळत उलटा करते. वर्ध्याच्या कल्पनेत मुलांच्या हातांनी शाळेचा खर्च उचलायचा होता. इथे शहरातली मोठी माणसे आपले हात वापरण्यासाठी पैसे भरतात, आणि ते पैसे दुसऱ्या मुलांच्या शाळेला जातात. गावातल्या मुलाला काहीही बनवून विकावे लागत नाही. काही संस्था उलट करतात. गावातल्या मुलांकडून पणत्या रंगवून घेतात, शहरात विकतात, आणि खोक्यावर ‘मुलांनी प्रेमाने केलेले’ असे छापतात. पणतीबद्दल कोणाचे भांडण नाही. पण दिवाळीच्या मागणीपायी आठवडाभर वर्ग बुडाले असतील, तर १९३७ सालची ती धास्ती अजून जिवंत आहे असे म्हणावे लागेल.

शहांचा कारागिराचा मुद्दा तर कंदिलाच्या कार्यशाळेला थेट लागू होतो. बांबूची कामटी सोलणे हे बुरडाचे काम. पुण्यात बुरूड आळी आहे. सुपे, टोपल्या, रोवळ्या, मांडवाच्या चटया आणि दिवाळीत कंदिलाचे सांगाडे असे सारे तिथे होत आले आहे. कोयत्याने बांबू उभा चिरायचा, मग पेराशी न अडखळता पातळ पट्टी सोडवत न्यायची. हे बघायला सोपे आणि करायला बोटे कापणारे. कार्यशाळेचे आयोजक अनेकदा आळीतून कामट्या घासाघीस करून आणतात आणि शिकवायला मात्र आंतरजालावरचा व्हिडिओ लावतात. ज्याच्या हातात विद्या आहे तो दारापर्यंतच येतो. गठ्ठा ठेवतो, पैसे मोजतो, जातो.

तसे न करणारेही आहेत. ते कामट्या सोलणाऱ्या मावशींना किंवा दादांना समोर बसवतात, शिकवण्याचे मानधन आधी ठरवतात आणि ते खर्चात पहिल्या ओळीला लिहितात. ‘शाळेसाठी आहे, तर तुम्हीही थोडे कमी घ्या ना’ असे त्यांना म्हणत नाहीत. गंमत अशी की असे म्हणण्याचा मोह सर्वांना होतो तो कारागिरालाच. सभागृहाचे भाडे किंवा छपाईचे बिल कमी करा असे कोणी म्हणत नाही. मानधन दिले की शाळेच्या वाट्याला हजारभर रुपये कमी येतात, आणि खजिनदार पुन्हा भुवया उंचावतात. पण ज्यांचे हात रोज राबतात त्यांचीच मजुरी कापून शाळेला मदत करण्यात काही अर्थ नाही. शिवाय मुलांना व्हिडिओतून कधीच न दिसणारी गोष्ट समोर दिसते. बांबूचे पेर आले की मावशींच्या हाताचा वेग बदलतो, मनगट जरा वळते, आणि पट्टी तुटत नाही.

बांबूचा स्वतःचा हिशेबही सांगण्यासारखा आहे. भारतीय वन कायद्यात २०१७ सालापर्यंत बांबूची गणना ‘झाडा’त होत होती, म्हणून शेताच्या बांधावरचा बांबू तोडून नेतानाही परवान्याचा जाच असे. त्या वर्षी कायद्यात बदल झाला आणि वनक्षेत्राबाहेरचा बांबू त्यातून सुटला. त्याआधी, २०११ साली, गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याच्या आधारे आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क मिळवून दाखवला. त्यासाठी गावाला बरीच वर्षे झगडावे लागले. सतरंजीवर पसरलेल्या कामट्यांच्या मागे एवढे आहे. कोणी तरी ते दोन मिनिटांत सांगितले, तर आठवीतल्या मुलाला नागरिकशास्त्राचा एक धडा फुकट मिळतो.

आता त्या सकाळी सहाला खळ शिजवणाऱ्या काकूंकडे यायला हवे. अशा कार्यशाळेचे खरे भांडवल बायकांचा वेळ हे असते आणि ते हिशेबाच्या वहीत कुठेच येत नाही. सभागृहाचे आरक्षण, फोन, कुणाच्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे ही नोंद, कात्र्या मोजून देणे आणि मोजून परत घेणे, सतरंजीवरची वाळलेली खळ खरवडणे. हे सगळे पैशात मांडले तर कार्यशाळा तोट्यातच जाईल. काही मंडळांनी त्यावर साधा तोडगा काढला आहे. कामांची यादी आधीच फळ्यावर लावतात आणि ती घराच्या नावाने वाटतात, बाईच्या किंवा बाप्याच्या नावाने नाही. मग पहिल्या वर्षी बऱ्याच घरांतून तीच बाई येते, दुसऱ्या वर्षी नवरा येतो आणि विचारतो, ‘पातेले कुठल्या आकाराचे आणू?’

पैसे शाळेत पोहोचण्याची पद्धतही ठरवावी लागते. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. रक्कम तिच्या खात्यात जावी, पावती घ्यावी, आणि कशावर खर्च करायचा ते समितीने ठरवावे. शहरातली मंडळी पुष्कळदा आपल्या मनाने ठरवून जातात. शाळेला थकलेले वीजबिल भरायचे असते आणि तिच्या पदरात पडतो एक संगणक, ज्याला लावायला वीज नसते. देणाऱ्यांना संगणकासोबत फोटो काढता येतो. भरलेल्या बिलासोबत काय काढणार? फोटोच्या या हौसेपायी मुलांना उन्हात रांगेत उभे करून गुलाबाची फुले वाटायला लावणेही अजून सरसकट चालते. शिक्षक नाही म्हणू शकत नाहीत, कारण पुढच्या वर्षीही गरज असणार. कंदिलाच्या कार्यशाळेचा एक फायदा हा की देणारा आधीच काहीतरी घेऊन घरी गेलेला असतो. त्याच्या ४०० रुपयांच्या बदल्यात त्याच्या खिडकीत कंदील लागला आहे. त्याने शाळेकडून आणखी आभार मागण्याचे कारण उरत नाही, आणि शाळेलाही मिंधे वाटण्याचे.

एक गोष्ट मात्र वहीत ठळक लिहून ठेवण्यासारखी आहे. शाळेचे छप्पर, शिक्षक, पाणी, स्वच्छतागृह ही सरकारची जबाबदारी आहे, आणि १ एप्रिल २०१० पासून ती कायद्याने ठरलेली आहे. कंदील करून ती उचलता येत नाही, आणि उचलूही नये. लोक वर्गणी काढतात म्हणून अनुदान उशिरा आले तरी चालते, अशी सवय सरकारी खात्याला लागली तर शाळेचे नुकसानच. म्हणून काही आयोजक शाळेची यादी दोन रकान्यांत मागतात. एका रकान्यात मिळायला हवे पण मिळालेले नाही ते. दुसऱ्यात सरकार कधीच देणार नाही, पण मुलांना हवे ते. पहिल्या रकान्यासाठी सगळ्यांच्या सह्यांचे पत्र जाते, दुसऱ्यासाठी पैसे. एका सकाळी २५ कुटुंबे एका जागी बसलेली असतात. सह्या घ्यायला याहून चांगली वेळ नाही. वडील गाठ मारत असतात, त्यांच्यापुढे कागद धरला की ते हात पुसून सही करतात आणि मग विचारतात, ‘कशाबद्दल आहे?’ तिथून बोलणे सुरू होते.

गावातल्या शाळेला शहराने हाताचे काम शिकवायला जावे, ही कल्पनाही तपासून घ्यावी लागते. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरीची महागडी साधने आदिवासी पाड्यांवर कुठून येणार? त्यांनी शिंपले, बिया, पाने, काटक्या, दगड यांतूनच मोजायला, ओळखायला, जुळवायला शिकवले. साधने मुलांच्या अंगणात पडलेली होती आणि ती हाताळण्यात मुले बाईंपेक्षा तरबेज होती. पुढे अरविंद गुप्ता यांनी आगकाडीच्या तुकड्यांतून आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून त्रिकोण, चौकोन, घन उभे केले आणि पुण्याच्या ‘आयुका’ या संशोधन संस्थेत बसून कचऱ्यातून खेळणी करायला हजारो मुलांना शिकवले. गुप्तांच्या आगकाडीच्या चौकोनात आणि कामटीच्या चौकोनात भूमिती एकच: त्रिकोण हलत नाही, चौकोन हलतो. आगकाड्यांचा चौकोन हाताने दाबून पाहिलेल्या सहावीच्या मुलाला आकाशकंदील का डुगडुगतो ते सांगावे लागत नाही.

दिवाळी संपल्यावर आयोजकांची हिशेबाची बैठक भरते. एकूण जमा, एकूण खर्च, मानधनाची पावती, शाळेच्या समितीची पावती, उरलेल्या कात्र्या किती, हरवलेल्या किती. मुख्याध्यापकांचे पत्र वाचले जाते. पुस्तके घेतली, त्यांची नावे खाली दिली आहेत. वीजबिलाबद्दल तुम्ही पाठवलेल्या पत्राची प्रत आम्हीही वर पाठवली आहे. पत्राच्या शेवटी समितीतल्या एका पालकाने दोन ओळी जोडलेल्या असतात. पुढच्या वर्षी तुम्ही इकडे या, आमच्याकडे बांबू घरचा आहे, आणि कामटी सोलायला इथे निम्म्या घरांना येते. तुमच्या मुलांना आम्ही शिकवू.

यावर बैठकीत वाद होतो. कोणी म्हणते, तीन तासांचा प्रवास, लहान मुले, जमणार नाही. कोणी म्हणते, मग प्रवेशमूल्य कोण कोणाला देणार? शिकवणारे ते, तर मानधन त्यांचे. शाळाही त्यांची, म्हणजे उरलेलेही त्यांचेच. म्हणजे आपण फक्त येणार, शिकणार आणि पैसे भरणार. एक काकू म्हणतात, ‘म्हणजे मला एकदाची खळ शिजवावी लागणार नाही!’ सगळे हसतात. खजिनदार तेवढ्यात वही उघडतात, नवे पान घेतात आणि विचारतात, ‘बसचे भाडे साहित्यात धरायचे की वेगळे?’